उपासाचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. जुना म्हटलं की लोक आधी भंगारवाल्याला हाक मारतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो. माझा पत्रा अजून शाबूत आहे, काठ कुठे चेपलेला नाही आणि कल्हई ताजी असली की माझ्या तळाशी बघून तुम्ही खुशाल भांग पाडावा. नाईलच्या काठच्या एका गावात, चर्चच्या आवारातल्या स्वयंपाकघरात माझं सगळं आयुष्य गेलं.

माझा जन्म असियूत शहरातल्या तांबटांच्या बाजारात झाला. हनीना नावाची एक बाई तिथे आली होती. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती आणि चौथी मुलगी तापानं फणफणली होती. त्या रात्री हनीनानं कुमारी मरियमला नवस केला की ही जगली तर चर्चला गावजेवणाचा टोप देईन. मुलगी जगली. हनीनानं पायातले चांदीचे वाळे काढून तांबटापुढे ठेवले आणि किती मोठा टोप हवा ते दोन्ही हात पसरून दाखवलं.

तांबट हसला. "बाई, यात काय हत्ती शिजवणार आहेस?"

"मसूर," ती म्हणाली. "मसूर, बाकला आणि गहू. उपासाचं तेवढंच. मांस नाही, तूप नाही, दुधाचा थेंब नाही. कधीच नाही. तसाच नवस आहे."

आमच्या चर्चची माणसं वर्षातले अर्ध्याहून जास्त दिवस उपास करतात. उपासात जनावरापासून येणारं काहीच चालत नाही. त्यात ईस्टरच्या आधीचा मोठा उपास म्हणजे कसोटीच. त्या उपासात दर शुक्रवारी माझ्यात मसूर शिजायचा. मोठ्या उपासाच्या शेवटच्या शुक्रवारी, म्हणजे ज्या दिवशी ख्रिस्ताला वधस्तंभावर चढवलं त्या दिवशी, सगळं गाव दिवसभर पाण्याशिवाय राहायचं आणि संध्याकाळी प्रार्थना सुटली की माझ्यातला मोड आलेला बाकला, म्हणजे मोठ्या वालासारखं कडधान्य, खायचं. वर जिरं, लसूण आणि लिंबू. हनीनानं एक शिस्त घालून दिली होती. पहिली ताटं फाटकाबाहेर जायची, जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्याकडे. मग रांगेतल्यांना. वाढणाऱ्यांचं सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला खरवडच यायची.

ती मुलगी म्हणजे अंजील. आई गेल्यावर माझा डाव तिच्या हाती आला. अंजील अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट आणि माझ्या बाबतीत अगदी डोळ्यात तेल घालून राहणारी. एकदा गावातल्या एका सुनेनं चुकून लोण्याचा हात माझ्या काठाला लावला, तर अंजीलनं मला राखेनं तीन वेळा घासलं आणि त्या बिचारीला ईस्टरपर्यंत टोमणे मारले. "ये गं लोणकढी," म्हणायची. माझ्याबद्दल कुणी विचारलं की ती सांगायची, "हा माझ्या जिवाचा नवस आहे. हा स्वच्छ आहे तोवर मी आहे." थट्टेनं म्हणत नव्हती हं. तिचा तसा विश्वासच होता.

तिची एक अडचण होती. उपासाच्या दिवशी प्रार्थना सुटेपर्यंत तोंडात काहीच घालायचं नसतं, त्यामुळे शिजवताना मीठ चाखता येत नाही. मग ती शेजारच्या उम्म शाझलीला हाक मारायची. उम्म शाझली मुसलमान. कमरेवर हात ठेवून यायची, चमचाभर चाखायची आणि म्हणायची, "अंजील, तुझ्या देवानं मिठावर कर लावलाय का गं? टाक अजून मूठभर." रमजानात याच्या उलट. तेव्हा अंजील तिच्याकडे चाखायला जायची आणि व्याजासकट टोमणे परत करायची. काही वर्षं दोघींचे उपास एकाच वेळी आले. तेव्हा आमच्या गावानं कधी अळणी तर कधी खारट खाल्लं आणि निमूटपणे खाल्लं, कारण दोघींपुढे बोलण्याची कुणाची टाप नव्हती.

वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. आमच्याकडचा कल्हईवाला टोप हातानं घासत नाही. राख आणि वाळू टाकून अनवाणी पायांनी टोपात उभा राहतो, भिंतीला धरतो आणि कंबर हलवत गिरकी घेतो. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मला मात्र त्या गुदगुल्या फार आवडायच्या. मग नवसागराचा धूर, वितळलेलं कथील, आणि मी चांदीसारखा चकचकीत. सणाला लोक येऊन मला हात लावून जायचे. गर्व होता मला, कशाला लपवू? आयुष्यात चरबीचा ठिपका न पाहिलेला टोप साऱ्या पंचक्रोशीत मी एकटाच होतो.

माझ्याइतकाच कडक असा गावात एक माणूस होता, बर्सूमकाका. चर्चमध्ये अर्पणाच्या गोल भाकरी लागतात, त्या तो भाजायचा. स्वयंपाकघराला लागूनच त्याची भट्टीची खोली. पहाटे उठून उपाशीपोटी कणीक तिंबायची, तोंडानं स्तोत्रं म्हणायची आणि मग लाकडी शिक्क्यानं भाकरीवर क्रूस उमटवायचा, हे त्याचं उभं आयुष्य. बायको कधीच देवाघरी गेलेली, मूलबाळ नाही. उपासाच्या दिवसांत कुणी बिस्कीट पुढे केलं तर तो चष्मा लावून पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायचा आणि दुधाची भुकटी सापडली की पुडा परत करायचा. अंजीलला त्याचं भारी कौतुक. "माणूस असावा तर असा," ती म्हणायची.

त्या वर्षी मोठा उपास अर्ध्यावर आला आणि बर्सूमकाकानं अंथरूण धरलं. ताप उतरला, पण काका उठेना. भट्टी थंड पडली. रिफ्का नावाची एक बाई अर्पणाच्या भाकरी बाहेरून आणवू लागली. तालुक्याहून डॉक्टर आला, त्यानं काकाच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि बाहेर येऊन म्हणाला, "औषधाचं काम संपलं. यांना आता शेरवा द्या, अंडं द्या, दूध द्या. नुसत्या मसुरावर हे ईस्टर पाहणार नाहीत."

आमचे धर्मगुरू, ज्यांना आम्ही अबूना म्हणतो, ते वयानं तरुण होते. ते काकाच्या खाटेवर जाऊन बसले. "काका, आजाऱ्याला उपास नाही. मी तुम्हाला सूट देतो. पाप लागलंच तर माझ्या माथी."

"तुमच्या माथी कशाला, अबूना? तुमचं डोकं अजून लहान आहे," काका म्हणाला. "या हातांनी मी प्रभूची भाकरी मळलीय. आता जायच्या वेळी उपास मोडून कुठल्या तोंडानं त्याच्यापुढे उभा राहू?"

"प्रभूनं आजारी माणसाला बरं करताना कधी वार पाहिला नव्हता, काका."

"तो प्रभू होता. मी बर्सूम आहे."

उम्म शाझली रोज लोटाभर दूध पाठवायची. काका मान डोलवून ठेवून घ्यायचा आणि तिची पाठ वळली की मांजराला घालायचा. चार दिवसांत मांजर असं गुबगुबीत झालं की उम्म शाझलीला सगळं कळलं. "म्हातारा मरायला टेकलाय आणि मांजर लग्नाला निघाल्यासारखं दिसतंय," ती अंजीलला म्हणाली. "तुझं ऐकतो तो. तूच सांग त्याला काहीतरी."

अंजील आधी हसली. मग मसुराची वाटी घेऊन ती स्वतः गेली. परत आली तेव्हा वाटी तशीच भरलेली होती. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली. नंतर उम्म शाझलीला सांगताना मी ऐकलं, "त्याला चमचा उचलवत नाही गं. मी भरवायला गेले तर मलाच म्हणतो, तू जेवलीस का. एवढी वर्षं मी त्याच्याच कडकपणाचे गोडवे गायले. आता तो त्या कडकपणापायी मरतोय आणि मी शेजारी वाटी धरून बसलेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन गड्यांना बोलावलं आणि मला उचलायला लावलं. मला वाटलं, कल्हईला निघालो. पण मला नेलं ते बर्सूमकाकाच्या दारात. गल्लीत तीन दगड मांडले, त्यावर मला ठेवलं, खाली कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या. पाणी ओतलं, कांदा टाकला, वेलदोडे टाकले. मसूर काही दिसेना. मग अंजीलनं टोपलीवरचं फडकं काढलं. आत साफ केलेली कबुतरं होती, ईस्टरसाठी तिनं घरच्या छपरावर दाणे घालून पोसलेली.

गल्लीतल्या बायका जागच्या जागी थांबल्या. उम्म शाझली पुढे झाली. "अंजील, डोकं ठिकाणावर आहे ना? हा उपासाचा टोप आहे."

"होता," अंजील म्हणाली आणि कबुतरं माझ्यात सोडली.

मित्रांनो, मी खोटं बोलणार नाही. मला संताप आला. पहिल्यांदाच चरबीचे डोळे माझ्या पाण्यावर तरंगले, माझ्या कथलाला चिकटले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, हिच्यासाठी आईनं पायातले वाळे दिले आणि हिनं माझं हे असं करावं?

दार उघडंच होतं. खाटेवरून काकाला सगळं दिसत होतं. "काय करतेस गं, पोरी?" त्यानं विचारलं.

"दिसतंय की. कबुतरं शिजवतेय."

"त्या टोपात?"

"याच टोपात."

"अगं, तो तुझ्या जिवाचा नवस आहे. हनीनानं..."

"मला ठाऊक आहे, काका. जीव माझाच आहे." तिचा आवाज शांत होता. "दुसऱ्या भांड्यातलं आणलं असतं तर तुम्ही मांजराला घातलं असतं. आता ऐका. व्रत तर मोडलं. ते काही परत जोडता येत नाही. तुम्ही हा शेरवा प्यायलात तर ते एका माणसासाठी मोडलं. नाही प्यायलात तर उगीचच मोडलं. काय ते तुम्ही ठरवा."

काकानं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. अंजीलनं उम्म शाझलीला खूण केली. उम्म शाझलीनं चमचा तोंडाला लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मीठ पडलं. अंजील वाडगा घेऊन आत गेली आणि खाटेच्या कडेला बसली. बऱ्याच वेळानं काका वळला. त्यानं आधी क्रूसाची खूण केली आणि मग तोंड उघडलं. वाडगा संपेपर्यंत दोघंही रडत होती. बाहेर माझा राग कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही. मला आपलं एवढंच वाटत होतं की म्हाताऱ्यानं अजून थोडं घ्यावं.

उरलेला शेरवा वाया जाऊ दिला नाही. पलीकडच्या गल्लीत एक बाळंतीण होती, मुसलमानांच्या एका घरात कुणाचा पाय मोडला होता, तिकडे वाडगे गेले. काकाला रोज थोडा थोडा मिळत राहिला. हळूहळू तो उशीला टेकून बसू लागला, मग काठी घेऊन दारापर्यंत येऊ लागला.

आणि इकडे माझे दिवस फिरले. रिफ्का अंजीलला भेटायला आली. वाईट नव्हती हो ती. स्वयंपाकघराच्या कामात अर्धं आयुष्य घातलेली बाई. ती म्हणाली, "अंजील, तू काकासाठी केलंस त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण माणसं दिवसभर उपाशी राहून प्रार्थनेतून येतात. त्यांनी ताट हातात घ्यायचं आणि मनात शंका घेऊन खायचं, हे बरं दिसतं का? मी ॲल्युमिनियमचा नवा टोप आणलाय."

"तुझं म्हणणं खोटं नाही," अंजील म्हणाली. मला तिनं राख आणि लिंबानं घासलं, गड्यांकरवी घरी आणवलं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्लीही तिनं रिफ्काला देऊन टाकली. अबूना येऊन म्हणाले की तू चुकलेली नाहीस, पुन्हा कामाला ये. "तुम्ही म्हणता म्हणून बायका मला आत घेतील, अबूना," ती म्हणाली, "पण माझ्या हातचं घेताना एकमेकींकडे बघतील. ते मला नको." गोठ्यात मला कोण विचारतो? गाढव माझ्यावर मान घासायचं. एके सकाळी कोंबडीनं माझ्यात अंडं घातलं. म्हटलं, चला, एवढंच राहिलं होतं.

रात्री झोपायच्या आधी अंजील गोठ्यात यायची. माझ्या काठावरून हात फिरवायची आणि हळूच म्हणायची, "मरियम आई, रागावली असशील तर मला रागाव. गावाला काही करू नकोस." ती खरंच घाबरली होती. साधी शिंक आली तरी दचकायची.

मग तो शेवटचा शुक्रवार आला. अंजीलनं दरवर्षीच्या सवयीनं बाकला भिजत घातला होता आणि त्याला चांगले लांब मोड आले होते. चर्चला तो नको होता. टाकवेना, म्हणून तिनं मला अंगणात काढलं आणि माझ्यात तो शिजायला घातला. तिचं घर चर्चच्या फाटकासमोरच. दिवसभर आतून प्रार्थनेचे शोकाचे सूर ऐकू येत होते. ती दारामागे उभी राहून प्रार्थना म्हणत होती. बायकांच्या बाकावर आपल्या शेजारी कुणी बसेल की नाही, या धास्तीनं ती त्या दिवशी आत गेलीच नाही.

संध्याकाळी प्रार्थना सुटली. आवारात नव्या टोपाभोवती रांग लागली. फाटकाबाहेरची ताटं आधी रवाना झाली. मग रांगेतलं पहिलं ताट नेहमीप्रमाणे बर्सूमकाकाचं, कारण पहाटेपासून भट्टीपुढे उभा असायचा तो. त्या आठवड्यापासून त्यानं पुन्हा भाकरी भाजायला घेतल्या होत्या. रिफ्कानं डाव भरला. काकानं ताट मागे घेतलं.

"काय झालं, काका?"

"काही नाही, बाळ. तुझा बाकला छान असणार," काका म्हणाला. आणि काठी टेकत, रिकामं ताट हातात घेऊन तो फाटकाकडे निघाला. रांगेतल्या साऱ्या माना त्याच्यामागे वळल्या. रस्ता ओलांडून तो आमच्या अंगणात आला आणि त्यानं ताट पुढे केलं.

"अंजील, वाढ."

अंजीलनं डाव पाठीमागे धरला. "काका, आज नको. आजचा दिवस कोणता ते तुम्हीच मला सांगायचे. या टोपाचं व्रत मोडलंय."

"माझंही मोडलंय," काका म्हणाला. "आम्ही दोघं एकाच दिवशी मोडलो. मी मोडलेला असून माझ्या हातची भाकरी काल वेदीवर चालली ना? मग याच्यातला बाकला माझ्या ताटात का चालू नये? वाढ, पोरी. सकाळपासून पोटात काही नाही."

अंजीलनं वाढलं. काका उंबऱ्यावर बसला आणि भाकरी मोडून जेवू लागला. गावातल्या कुणी काही म्हणायचं तर या माणसाला म्हणायचं होतं, आणि ते कोण म्हणणार? थोड्या वेळानं अबूना ताट घेऊन आले. त्यांच्यामागून आणखी माणसं आली. रांग फाटकातून वळून आमच्या अंगणापर्यंत पोचली. सगळ्यांचं झाल्यावर रिफ्का आली. तिनं माझ्यात डोकावून पाहिलं. तळाशी खरवडच उरली होती. "वाढणाऱ्यांचं शेवटी," ती अंजीलला म्हणाली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. दोघींनी मिळून मला बोटानं पुसून खाल्लं.

तेव्हापासून माझ्यात मसूरही शिजतो आणि शेरवाही. उपासाच्या दिवसांत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, की मला त्यांच्या दारात नेतात. मध्ये राख आणि लिंबू असतंच. शेरव्याचं मीठ अजून उम्म शाझलीच चाखते. अंजीलला अजून काही झालेलं नाही. मला आता उपासाचा टोप म्हणत नाहीत, आणि मला त्याचं दुःखही नाही.

तर मित्रांनो, मला वेळेवर कल्हई करा, मला ओलं ठेवू नका आणि माझ्यावर गाढवाला मान घासू देऊ नका, एवढं तर मी मागणारच. पण अजून एक मागतो. तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल, की ज्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नाही. ते जरूर जपा, घासूनपुसून लखलखीत ठेवा. पण शेजारी कुणी उपाशी किंवा आजारी असेल आणि दुसऱ्या कुठल्याच भांड्यातलं त्याच्या घशाखाली उतरत नसेल, तर तेच भांडं चुलीवर चढवा.